कंपनीत आहे, पण कंपनीचा नाही

बारामती एमआयडीसीत पाळी सुटायच्या वेळेला पेन्सिल चौकात उभं राहिलं, की एक संवाद हमखास कानावर पडतो. ओळखीची दोन पोरं भेटतात. एक विचारतो, "सध्या कुठंय?" दुसरा म्हणतो, "कंपनीत." पहिल्याचं तेवढ्यानं भागत नाही. तो पुढचा प्रश्न टाकतो, "कंपनीचा का कॉन्ट्रॅक्टचा?" आणि उत्तर देणाऱ्याचा आवाज एक पट्टी खाली उतरतो.

'कंपनीत' आणि 'कंपनीचा'. शाळेत आपण विभक्तीचे प्रत्यय घोकले होते. सप्तमीचा अर्थ ठिकाण, षष्ठीचा अर्थ संबंध. हजारो माणसांचं आयुष्य आज या दोन प्रत्ययांच्या मधल्या फटीत अडकलं आहे. आठ तास सप्तमीत घालवायचे आणि षष्ठीची वाट बघायची. लग्नाच्या बैठकीत मुलीकडची मंडळी पगाराच्या आधी हेच विचारतात: पर्मनंट आहे का? म्हणजे मुलगा कंपनीत असून उपयोगाचा नाही, कंपनीचा असायला हवा.

हा लेख कंत्राटी पद्धत असावी की नसावी यावर नाही. त्यावर अर्थशास्त्रज्ञ आणि कामगार संघटना बोलत असतात, त्यांनी बोलावं. माझं भांडण एका शब्दावरून आहे. शब्द आहे 'कंपनी'. या शब्दाशी सध्या दोन प्रकारचे लोक खेळ करताहेत. एकांना तो मराठीतून हाकलायचा आहे. दुसऱ्यांना तो गोड करायचा आहे. दोघंही चुकताहेत, आणि दोघांच्या चुकीमुळे तिसऱ्याच माणसाचं ताट रिकामं राहतं आहे, असं माझं म्हणणं आहे.

मी भाषांतराची कामं करतो. दोन वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्यातल्या एका कारखान्याकडून नव्या कामगारांना द्यायच्या माहितीपुस्तिकेचं काम आलं. इंग्रजीतून मराठी करायचं. पहिल्याच पानावर वाक्य होतं: आम्ही नुसती कंपनी नाही, आम्ही एक कुटुंब आहोत. मी भाषांतर करून पाठवलं, ते एका निवृत्त भाषातज्ज्ञांच्या नजरेखालून गेलं. त्यांनी 'कंपनी' हा शब्द जिथं जिथं आला तिथं लाल रेघ मारून 'आस्थापना' लिहिलं. 'कुटुंब' मात्र जसंच्या तसं ठेवलं.

मधल्या काळात मला कारखाना दाखवायला नेलं. दुपारी जेवणाची वेळ झाली. कायम कामगारांच्या ओळखपत्राला निळी पट्टी होती, कंत्राटी कामगारांच्या ओळखपत्राला पिवळी. निळ्या पट्टीला कॅन्टीनमध्ये सवलतीच्या दरात गरम जेवण. पिवळ्या पट्टीनं घरून डबा आणायचा आणि शेडमागच्या पत्र्याखाली बाकड्यावर बसून खायचा. चहा दोघांना होता, पण पिवळ्या पट्टीचा चहा किटलीतून बाहेर जात होता. काम मात्र एकाच लाइनवर, एकाच यंत्राच्या दोन बाजूंना उभं राहून. आणि मी? मी पाहुणा. मला अधिकाऱ्यांच्या वेगळ्या जेवणघरात नेलं. तिथं टेबलावर कापड होतं आणि शेवटी आइस्क्रीम होतं. मी ते खाल्लं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी जे बोलणार आहे ते स्वच्छ हातांनी बोलत नाहीये.

आता शब्दाकडे येऊ.

'कंपनी' हा इंग्रजी शब्द आहे असं आपण समजतो. तो इंग्रजीचा नाही. इंग्रजीनं तो फ्रेंचकडून घेतला आणि फ्रेंचला तो उत्तरकालीन लॅटिनकडून मिळाला. लॅटिनमध्ये 'कोम' म्हणजे सह, आणि 'पानिस' म्हणजे पाव, रोटी, भाकर. 'कोंपानियो' म्हणजे ज्याच्याबरोबर भाकरी खाल्ली तो. आणि अशा भाकरी वाटून खाणाऱ्यांचा जथा म्हणजे कंपनी.

गंमत इथं संपत नाही. हा 'कोंपानियो' अभिजात लॅटिनमध्ये नाही. तो फ्रँक लोकांच्या सहाव्या शतकातल्या कायद्यात दिसतो, आणि बऱ्याच भाषा-अभ्यासकांच्या मते तो जर्मानिक शब्दाचं शब्दशः भाषांतर आहे. गॉथिक भाषेत 'गह्लाइबा' असा शब्द आहे: 'ग' म्हणजे सह, 'ह्लाइफ्स' म्हणजे पावाचा लोफ. अर्थ तोच, सहभाकरी. म्हणजे ज्या लॅटिनला आपण युरोपची संस्कृत समजतो, तिनंही हा शब्द परक्यांकडून उसना घेऊन आपल्या घरात शिवून घेतला. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी हा शब्द निवडायला नको होता. याच्या वंशावळीत शुद्ध असं काही सापडतच नाही.

मग हा शब्द युरोपभर फिरला आणि जिथं गेला तिथं दोन अंगांनी वाढला. फ्रेंचमध्ये त्याची दोन रूपं झाली. 'कोंपान्यों' म्हणजे सोबती, आणि हातानं काम करणाऱ्या कारागिरांच्या जुन्या बिरादरीतला सभासदही. दुसरं रूप 'कोपँ', म्हणजे दोस्त, यार. इटालियनमध्ये 'कोंपान्यो' म्हणजे वर्गमित्र, जोडीदार, आणि डाव्या पक्षांच्या सभांमध्ये कॉम्रेड. स्पॅनिशमध्ये 'कोंपान्येरो' म्हणजे सहकारी, साथी. जर्मनमध्ये 'कोंपानी' प्रामुख्यानं सैन्याची तुकडी, पण याच घरातला 'कुंपेल' हा शब्द खाणकामगारांचा. जमिनीखाली शेजारी उभा राहून कोळसा फोडणारा तो कुंपेल. आज सगळा जर्मनी तो शब्द 'मित्र' या अर्थानं वापरतो. रशियनमध्ये 'काम्पानिया' म्हणजे उद्योगसंस्था, आणि तोच शब्द संध्याकाळी एकत्र बसणाऱ्या मित्रांच्या टोळक्यालाही. डचांनी 1602 साली आपली ईस्ट इंडिया कंपनी काढली तेव्हा तिच्या नावात 'कोंपान्यी' होतं. आणि डच भाषेत धंद्यातल्या भागीदाराला आजही 'कोंपान्यों' म्हणतात.

मध्ययुगीन फ्लॉरेन्समधल्या बार्दी, पेरुत्सी या सावकारी घराण्यांच्या भागीदारीला 'कोंपान्यीया' म्हणत. आरंभी ती एका घरची माणसं. नफातोटा एकत्र, कारण चूल एकत्र. व्यापारी कंपनी या चुलीतून निघाली आहे. पैसा आणि सोबत हे अर्थ एकमेकांना चिकटले ते असे, आणि तेव्हापासून कुठल्याच भाषेत पुरते सुटे झालेले नाहीत.

बारामतीच्या वाचकाला इटालियनचं अप्रूप वाटायचं कारण नाही. पोंतेदेराच्या पियाजिओचा कारखाना इथं आहे, आल्बाच्या फेरेरोचा इथं आहे. (वर सांगितलेली जेवणाची गोष्ट या दोन्हींतल्या कुणाची नाही, हे स्पष्ट करतो.) आपल्या रस्त्यावर माणसं कोंबून धावणारी 'ॲपे' म्हणजे इटालियनमध्ये मधमाशी, लॅटिन 'आपिस'. 'व्हेस्पा' म्हणजे गांधीलमाशी, तोही लॅटिनच शब्द. भिगवण रस्त्यावर दिवसभर मधमाश्या आणि गांधीलमाश्या फिरत असतात आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. तशीच ही 'कंपनी'. तोंडी रोज आहे, आत काय आहे ते उघडून पाहिलेलं नाही. आणि इटालियन माणूस कारखान्याला सहसा 'फाब्ब्रिका' म्हणतो, उद्योगाला 'आद्झिएन्दा'. 'कोंपान्यीया' तो नाटकवाल्यांसाठी, विमावाल्यांसाठी आणि मित्रांच्या बैठकीसाठी राखून ठेवतो. यंत्रांच्या शेडला 'कंपनी' म्हणणारे आपण. त्यामुळे त्या शब्दाचा हिशेबही आपणच द्यायला हवा.

आता भाषातज्ज्ञांच्या लाल रेघेबद्दल.

भाषाशुद्धीच्या चळवळीचे उपकार मी नाकारत नाही. 'दिनांक', 'महापौर' हे सावरकरांचे शब्द मीही वापरतो, आणि ते मराठीला शोभतात. पण 'कंपनी' काढून 'आस्थापना' घालणं हे भाषेचं काम नाही, कचेरीचं काम आहे. पेन्सिल चौकातला कुठला मुलगा सांगेल, "मी आस्थापनेत आहे"? कंपनी हा शब्द मराठीनं टोपीकरांच्या काळापासून पचवलेला आहे. कंपनी सरकारचं राज्य आपण सोसलं. मग त्याच शब्दाला आपण घरात घेतलं आणि त्याला वेगळं वळण लावलं. मुलगा घरातून पळाला की आई म्हणायची, कंपनीत गेला असेल. ती कंपनी नाटकाची. कागदोपत्री नाव 'किर्लोस्कर नाटक मंडळी', 'गंधर्व नाटक मंडळी', पण लोकांच्या तोंडी नाटक कंपनी. तिचं बिऱ्हाड गावोगाव फिरे आणि बिऱ्हाडाबरोबर स्वयंपाकी आणि भांडीकुंडीही फिरत. 1929 साली कोल्हापुरात पाच भागीदारांनी मिळून चित्रपटाचा उद्योग काढला, त्याचं नाव प्रभात फिल्म कंपनी. तिच्या नावातली 'कंपनी' काढून 'आस्थापना' घालून बघा.

खरं तर मराठीत या शब्दाला सख्खा भाऊ आहे आणि शुद्धीवाल्यांना तो दिसला नाही. तो शब्द म्हणजे 'मंडळी'. घरी पाहुणे आले की मंडळी आली. नाटकवाले ती नाटक मंडळी. दुकानाच्या, प्रकाशनाच्या नावापुढं इंग्रज जिथं 'अँड कंपनी' लावत, तिथं आपण 'आणि मंडळी' लावलं. 'दामोदर सांवळाराम आणि मंडळी' ही पुस्तकांवरची अक्षरं जुन्या वाचकांना आठवत असतील. पाहुणेही तेच, धंद्यातले भागीदारही तेच: युरोपभर 'कंपनी'नं जे दुहेरी ओझं वाहिलं, तेच मराठीत 'मंडळी'नं वाहिलं. या शब्दात माणसं आहेत. 'आस्थापने'त एकही माणूस नाही. तिथं फक्त नोंदणी क्रमांक आहे.

आणि ज्यांना लॅटिन रक्ताची शिसारी आहे त्यांनी नाश्त्यापासून सुरुवात करावी. 'पाव' हा पोर्तुगीज 'पांव'वरून आला, आणि तो लॅटिन 'पानिस'चा सरळ वंशज. म्हणजे वडापावातला पाव आणि कंपनीतला 'पान' ही एकाच कणकेची पोरं. 'पगार' हाही पोर्तुगीज 'पगार'वरून, म्हणजे फेडणे, चुकते करणे. त्याच्या मुळाशी लॅटिन 'पाकारे', म्हणजे शांत करणे. देणेकऱ्यानं सावकाराला शांत करायचं, तसं मालकानं सात तारखेला कामगाराला. पाव हाकला, पगार हाकला, तर कामगाराच्या हाती उरेल काय? शुद्ध मराठी भूक.

दुसरे लोक जास्त धोकादायक, कारण ते गोड बोलतात. 'आम्ही नुसती कंपनी नाही, आम्ही कुटुंब आहोत.' मनुष्यबळ विभागाच्या प्रत्येक भाषणात, वार्षिक दिनाच्या प्रत्येक फलकावर हे असतं. इंग्रजीतला त्यांचा शब्द 'फॅमिली'. तोही उघडून पाहू. लॅटिन 'फामिलिया' निघतो 'फामुलुस'वरून, आणि फामुलुस म्हणजे नोकर, दास. रोमन घरधन्याची 'फामिलिया' म्हणजे आधी त्याच्या घरचे गुलाम, आणि मग त्याच्या सत्तेखालची सगळीच माणसं. घरधनी वर, बाकी सगळे खाली. तेव्हा 'कंपनी नाही, फॅमिली' असं म्हणणारा माणूस नकळत काय बोलतो आहे? आम्ही एकत्र भाकरी खाणारे नाही, आम्ही धनी आणि दास आहोत. त्याला हे ठाऊक नसतं. पण कॅन्टीनच्या दारावरच्या पट्ट्या पाहिल्या की वाटतं, शब्दाला ठाऊक होतं.

जुन्या इंग्रजीतही भाकरीवरून दोन नाती बांधलेली दिसतात. 'लॉर्ड' हा शब्द 'ह्लाफवेआर्ड'वरून आला, म्हणजे पावाचा राखणदार. आणि त्याच्या पदरी असलेल्या माणसाला एक शब्द होता, 'ह्लाफएटा', म्हणजे पाव खाणारा. एक राखतो, दुसरा खातो. हे नातं उभं आहे, वरून खाली. आपल्याकडेही ते आहे. आपण म्हणतो, ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी इमान राखावं. पण मीठ देणारा मिठाला कसा जागतो, यासाठी आपल्याकडे म्हण नाही. 'कंपनी' मात्र आडवं नातं सांगते. शेजारचा, पंगतीतला, एकाच परातीत हात घालणारा. कामाच्या जागेला 'फॅमिली' म्हणायचं की 'कंपनी', हा उभं की आडवं असा प्रश्न आहे.

इथं एक रास्त आक्षेप येईल. शब्दाच्या जन्मावरून त्याचं कर्तव्य ठरत नाही. 'तेल' तिळापासून आलं म्हणून शेंगतेल खोटं ठरत नाही. 'गवेषणा' म्हणजे मुळात गाय शोधणं, पण विद्यापीठातल्या संशोधकाला गोठ्यात पाठवायचं कारण नाही. 'कुशल' कामगाराला कुश नावाचं गवत कापता यायला हवं असं कुठला आयटीआय म्हणत नाही. बरोबर आहे. मला हा आक्षेप पूर्ण मान्य आहे. व्युत्पत्ती हा पुरावा नव्हे.

म्हणून मी जन्माचा आधार घेत नाही, चालू वापराचा घेतो. तिळाचा संबंध तेलातून गेला, गाय गवेषणेतून गेली. पण 'कंपनी'तून सोबत गेलेली नाही. वर मोजलेल्या प्रत्येक भाषेत ती आजही जिवंत आहे, आणि मराठीतही आहे. "चहाला चल, तेवढीच कंपनी," असं आपण म्हणतो. "एकटा कुठं जेवतोस, थांब, मी कंपनी देतो," असंही म्हणतो. बघा, कंपनी 'देतात', आणि ती बहुतेकदा जेवताना किंवा चहा पिताना देतात. ज्याला लॅटिनचं अक्षर ठाऊक नाही त्यानंही हा अर्थ बिनचूक धरून ठेवला आहे. फक्त एका जागी तो मेला: जिथं दारावर मोठ्या अक्षरांत 'कंपनी' लिहिलं आहे, तिथं. शेडमागे पत्र्याखाली डबा उघडणाऱ्याला तीच कंपनी कंपनी देत नाही.

खरं तर महाराष्ट्राला लॅटिन शिकवायची गरज नाही. 'कोंपानियो'चं सर्वांत अचूक भाषांतर कुठल्याही युरोपीय कोशात मिळणार नाही इतकं चोख आपल्याकडे आहे: रोटीव्यवहार. कुणाबरोबर भाकरी खायची आणि कुणाबरोबर नाही, यावर आपण समाज बांधला आणि त्यावरच तो मोडायचे प्रयत्नही केले. विहिरीत पाव टाकला आणि गाव बाटलं, ही कोकणपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आणि इतर मंडळींनी नुसता चहा घेतला, तर ग्रामण्य उभं राहिलं आणि प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. 1928 साली टिळकांचे चिरंजीव श्रीधरपंत यांनी गायकवाड वाड्यात समता संघाच्या वतीनं सहभोजन घडवलं, आणि ते बंड ठरलं. एका कपानं आणि एका पंगतीनं समाज हादरतो हे ज्यांना अनुभवानं ठाऊक आहे, त्यांना कॅन्टीनच्या दोन रंगांचा अर्थ समजावून सांगावा लागू नये.

शब्दही आपल्याकडे तयार आहे. एकाच पंगतीत बसलेल्यांना वेगवेगळं वाढणं, याला मराठीत 'पंक्तिप्रपंच' म्हणतात. हा दोष आहे, शिवी आहे. यजमानाला लागलेला तो सर्वांत वाईट डाग. तूप एकाला धार धरून आणि दुसऱ्याला थेंबभर, हे गावात वर्षानुवर्षं लक्षात ठेवलं जातं. आमच्याकडच्या कारखान्यांत तर पंगतच वेगळी, मग तुपाचं काय घेऊन बसलात. जातीची पंगत मोडायला आपण शंभर वर्षं घालवली आणि ओळखपत्राच्या पट्टीची नवी पंगत एका ठरावानं घालून दिली.

आणि हे कुठल्या गावांत? आषाढात तुकोबांची पालखी बारामतीवरून, काटेवाडीवरून, बेलवाडीच्या रिंगणावरून, इंदापूरवरून जाते. रस्त्याच्या कडेला पंगती बसतात आणि ताटावर बसलेल्याला निदान त्या दिवशी कुणी 'कुठला, कुणाचा' असं विचारत नाही. वारीचा शेवट होतो काल्यानं. काला म्हणजे काय? सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवायच्या आणि सगळ्यांनी खायच्या. कुणाची भाकरी शिळी, कुणाचं दही आंबट, कालवल्यावर कळत नाही. काल्यात जे बसले ती 'कंपनी', मुळातल्या अर्थानं. तीच वारकऱ्यांची नातवंडं दुसऱ्या दिवशी गेटवर पट्टी दाखवतात.

कायद्याकडे बघायचं तर कायदा या बाबतीत पट्टीवाल्यांच्या बाजूचा नाही. 1948 च्या कारखाना अधिनियमात 'कामगार' या शब्दाच्या व्याख्येत कंत्राटदारामार्फत घेतलेला माणूस येत होता, आणि मुख्य मालकाला त्याची माहिती असो वा नसो, तो येतच होता. अडीचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांत कॅन्टीन सक्तीचं करायचा अधिकार त्याच कायद्यानं राज्य सरकारला दिला. ती अडीचशे डोकी मोजताना पिवळ्या पट्टीचं डोकंही मोजलं जात होतं. त्या कॅन्टीनच्या कारभारात कामगारांना प्रतिनिधित्व द्यावं, हेही त्यात होतं. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात कंत्राटदाराकडे शंभर किंवा जास्त माणसं असतील तर त्यांच्यासाठी कॅन्टीनची तरतूद होती, आणि कंत्राटदारानं ती केली नाही तर जबाबदारी मुख्य मालकावर येत होती. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेनं कॅन्टीनचा आकडा शंभरावर आणला आणि त्यात कंत्राटी कामगार धरले. म्हणजे मोजायला सगळे कंपनीचे. वाढायला मात्र कॉन्ट्रॅक्टचे.

व्यवस्थापनाचं म्हणणं मी ऐकलं आहे. मागणी कमीजास्त होते, माणसं लवचीक ठेवावी लागतात, सवलतीचं जेवण सगळ्यांना दिलं तर खर्च वाढतो. मागणी कमीजास्त होते हे कबूल. पण भूक कमीजास्त होत नाही. दुपारी साडेबाराला ती निळ्या पट्टीलाही लागते आणि पिवळ्या पट्टीलाही, आणि काम सारखंच असेल तर सारखीच लागते. कंत्राटातून काय काय लवचीक करायचं ते करा, ताट लवचीक करू नका. खर्चाचं म्हणाल, तर त्या दिवशी मी खाल्लेल्या आइस्क्रीमवर कुणी आक्षेप घेतल्याचं मला आठवत नाही.

यापेक्षा अवघड गोष्ट दुसरीच आहे, आणि ती लपवणं अप्रामाणिक होईल. मी त्या कारखान्यात एका कायम कामगाराला विचारलं, हे लोक तुमच्याबरोबर का जेवत नाहीत? तो म्हणाला, "ते कंपनीचे नाहीत." त्याच्या आवाजात तुच्छता नव्हती. असलीच तर थोडी भीती होती. निळी पट्टी मिळवायला त्याची आठ वर्षं गेली होती. सगळे एका ताटावर आले तर त्याच्या आठ वर्षांची खूण काय? पंक्तिप्रपंच फक्त वाढणारा करत नाही. पंगतीत आधी बसलेलाही करतो, जागा जाईल म्हणून पाय पसरून बसतो. जातीच्या पंगतीत हेच झालं होतं. म्हणून संघटनांना माझं सांगणं मालकांपेक्षा कडक आहे. पगारवाढीच्या करारात कॅन्टीनचं एक कलम कायम असतं. त्यात 'सर्वांसाठी' हा एक शब्द घालून घ्यायला संप लागत नाही. तो घालायचा नसेल तर सभेत एकमेकांना 'साथी' म्हणू नका. त्या शब्दानं गॉथिकपासून जर्मन खाणीपर्यंत कधीच इतकी चेष्टा सोसलेली नाही.

याच तालुक्यांत दुसराही एक शब्द मोठा झाला: 'सहकारी'. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर. सह म्हणजे बरोबर, कारी म्हणजे करणारा. आणि शेजारी वालचंदनगर, कंपनीनं वसवलेलं गाव. बरोबर काम करणारे ते सहकारी, बरोबर खाणारे ती कंपनी. दोन्ही शब्दांची सुरुवात 'सह'नं. आता 2002 च्या कायदादुरुस्तीनंतर गावोगाव 'शेतकरी उत्पादक कंपनी' निघाल्या आणि तिथं कंपनी या शब्दाला पुन्हा सभासद मिळाले, माणसं मिळाली. शब्द सुधारू शकतात याचा हा पुरावा आहे. त्यासाठी ते बदलावे लागत नाहीत, वागणं बदलावं लागतं.

तेव्हा शुद्धीवाल्यांना विनंती: 'कंपनी'ला हात लावू नका. 'आस्थापना' म्हटलं की दोन पट्ट्यांबद्दल जाब विचारायची सोयच जाते, कारण आस्थापना कुणाबरोबर जेवत नाही. आणि कुटुंबवाल्यांना विनंती: आम्हाला कुटुंब नको. आमची कुटुंबं घरी आहेत, पहाटे उठून डबा भरून देतात. तुम्ही नुसती कंपनी व्हा. शब्दात जेवढं आहे तेवढंच करा. एक कॅन्टीन, एक ताट, एक दर, एक किटली.

मी त्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावरचं वाक्य शेवटी बदलून पाठवलं होतं: 'आपण कुटुंब नाही, आपण कंपनी आहोत; म्हणून एकत्र जेवतो.' सोबत समासात हे सगळं थोडक्यात लिहिलं होतं. पुस्तिका छापून आली तेव्हा त्यात 'आस्थापना'ही होतं आणि 'कुटुंब'ही होतं. माझं वाक्य नव्हतं. कॅन्टीनबद्दल पुस्तिकेत एक ओळसुद्धा नव्हती. त्याची पाटी दारावर होती, आणि ती मराठीतच होती.